भिंतीवरचे मेहुणे

घराच्या दर्शनी भिंतीला पिस्ता रंग द्यावा आणि खाली गुडघाभर चॉकलेटी पट्टा ओढावा, एवढीच माझी इच्छा होती. ती मी कोणापासून लपवली नव्हती. बांधकाम खात्यात कारकून असलो तरी मला रंगसंगतीची जाण आहे, हे ऑफिसात सगळ्यांना मान्य आहे. साहेबांच्या केबिनच्या पडद्यांचा रंग मलाच विचारला गेला होता, भले मग त्यांनी घेतला दुसराच. घरसजावटीचे विशेषांक मी रद्दीवाल्याकडून निवडून आणतो. आमच्या बैठकीतल्या बल्बवरची गोल शेड मी स्वतः फुग्यावर सुतळी गुंडाळून केलेली आहे आणि ती डाव्या बाजूने किंचित चेपली आहे ती फुग्याच्या दोषामुळे. तेव्हा मी रंगाबद्दल बोलतो तेव्हा खरोखर रंगाबद्दलच बोलतो. पण एकोणनव्वद सालच्या त्या उन्हाळ्यात मी रंगाचा विषय काढला, की जळगावातली आमची सगळी कॉलनी माझ्या बहिणीबद्दल बोलायला लागायची.

याला कारण असं की त्या भिंतीवर बहिणीचं लग्न होतं. आमच्या भागात लग्नघराच्या भिंतीवर पेंटरकडून नवरानवरीची नावं लिहून घेतात. लोक गेरू आणि चुन्यावर भागवतात, दोन पावसाळ्यांत हत्ती, मोर, वर, वधू सगळे धुऊन जातात आणि भिंत पुढच्या लग्नाला मोकळी होते. मी म्हटलं, आपल्याला बहीण एकच आहे, काम पक्कं झालं पाहिजे. डिझाइन माझंच. वर पिंपळपान, त्याखाली 'मंगल परिणय', दोन्ही बाजूंना घडासकट केळीचे खांब, आणि मधोमध 'आयुष्मान प्रल्हाद, बी. ए., बी. एड.' व 'आयुष्मती वत्सला'. सगळं ऑइलपेंटात. नवऱ्याचं नाव लाल, दोन हात मारून. नवरीचं हळदीसारखं पिवळं, एकाच हातात, कारण नवरीचं नाव नाजूकच दिसलं पाहिजे असं सगळ्यांचं मत पडलं. कय्युम पेंटर शिडीवरून उतरला, मागे सरकून त्याने भिंत पाहिली आणि मला म्हणाला, "साब, दीवार गिर जाएगी, नाम नै जाएगा."

त्याचं काम टिकलं. लग्न टिकलं नाही. प्रल्हादरावांनी धुळ्यात दुसरं बिऱ्हाड केलं आणि तेही लपूनछपून नाही, चांगली दारावर पाटी लावून. वत्सला ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन परत आली. रिक्षातून उतरली आणि त्या नावांखालूनच घरात शिरली. पुढे तिला बालवाडीत शिकवायचं काम मिळालं. रोज सकाळी ती त्या नावांखालून बाहेर पडायची आणि दुपारी त्या नावांखालून आत यायची. याबद्दल घरात कोणी काही बोलत नव्हतं. न बोलण्याची आमच्या घरात फार चांगली सोय आहे.

मी तिला शेडकार्ड दाखवलं आणि पिस्ता बरा की मोतिया ते विचारलं. तिने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुठलाही लाव दादा," ती म्हणाली, "पण दाट लाव."

एवढं एकच वाक्य. त्या उन्हाळ्यात त्या भिंतीबद्दल तिला विचारणारा मी पहिला आणि शेवटचा माणूस होतो, आणि मीसुद्धा विचारलं ते शेडबद्दल.

बाकी कोणाला काही विचारावं लागलं नाही. आईला कळलं तेव्हा ती ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती. ती चाळीसगावकडची, तिने सूप खाली ठेवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "नाव शे म्हनीसन नातं शे, भाऊ. ऱ्हाऊ दे." तिचा असा पक्का समज होता की जोवर प्रल्हादरावांचं नाव आमच्या दारात आहे तोवर ते कधीतरी शुद्धीवर येतील. धुळ्यात त्यांच्या दुसऱ्या दारावर त्यांचं नाव नीट इनॅमलच्या पाटीवर लिहिलेलं आहे, हे मी तिला सांगितलं नाही. ते तिलाही माहीत होतं.

समोरचे तोताराम नाना रिटायर झाल्यापासून सल्ले देण्याच्याच ड्युटीवर असतात. ते चप्पल न घालता रस्ता ओलांडून आले, इतका विषय तातडीचा होता. लग्नाची भिंत माणसाने पुसायची नसते, असं त्यांनी मला समजावलं. तिला पावसाने पुसावं, उन्हाने पुसावं, माणसाने हात लावला की त्या घरात पुन्हा मंगल कार्य होत नाही. "पानी पुशी तं पुशी," ते म्हणाले, "मानूसनी पुसानं नही." मी म्हटलं, नाना, हा ऑइलपेंट आहे, याला पाऊस काय करणार. नानांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की मग जास्त पावसाची वाट पाहावी. जळगावात बसून जास्त पावसाची वाट पाहायला सांगणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आता सोसायटी. आमच्या मैत्री गृहनिर्माण सोसायटीचा एक जुना ठराव आहे की सर्व घरांच्या दर्शनी भिंती क्रीम रंगाच्या असाव्यात. कॉलनीत निळं, गुलाबी, आकाशी, सगळे रंग आहेत. क्रीम एकही नाही. सेक्रेटरी बन्सीलाल यांचं स्वतःचं घर तोंडल्यासारखं हिरवंगार आहे. पण रंग विचारून लावायचा म्हटला की ठराव आडवा येतो, न विचारता लावला की येत नाही. मी सरकारी माणूस, मी अर्ज केला. तिथेच चुकलं. बन्सीलाल यांनी अर्जातल्या 'कारण' या शब्दावर बोट ठेवलं. मी तिथे 'सौंदर्यदृष्टी' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, सपकाळे, हे काही कारण झालं नाही, खरं काय ते लिहा. मी म्हटलं, हेच खरं आहे. त्यांनी अर्ज कमिटीपुढे ठेवला आणि नोटीसबोर्डावर विषय लावला, 'सपकाळे यांच्या भगिनीच्या नावाबाबत.'

त्या मीटिंगला जेवढी माणसं आली तेवढी पाण्याच्या टाकीच्या मीटिंगलासुद्धा आली नव्हती. रंगाचं कोणी नाव काढलं नाही. प्रल्हादराव मुळात कसे होते, वत्सलाने जरा पडतं घ्यायला हवं होतं का, पोरबाळ झालं असतं तर गोष्ट इथवर आली असती का, यावर सर्वांनी आपापली मतं मांडली. काही मतं फार अभ्यासू होती. मी पिस्त्याचं शेडकार्ड हातात धरून बसलो होतो. शेवटी असा निर्णय झाला की रंगाला सोसायटीची हरकत नाही, मात्र बहिणीच्या संसाराबाबत घाई करू नये. हे इतिवृत्तात आलं. मी घरी आलो तेव्हा वत्सला मशीनवर कोणाचा तरी परकर शिवत होती. तिने विचारलं नाही काय झालं म्हणून. सोसायटीचं ऑफिस आमच्या मागच्या खिडकीपासून लांब नाही आणि सभासदांचे आवाज चांगले आहेत.

परवानगी मिळाली म्हणून मी कय्युमकडे गेलो. तर तो माझ्यावरच चिडला. मी अक्षरं लिहितो, पुसत नाही, असं त्याने मला सुनावलं. आपलं काम पुसायला आलेलं गिऱ्हाईक त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. मी म्हटलं, तुझ्या कामात खोट नाही, आमच्या जावयात आहे. पण तो कलाकार माणूस, दुखावला तो दुखावलाच. तेव्हा मी ठरवलं की हे काम आपणच करायचं. घरच्या घरी रंग कसा द्यावा यावर माझ्याकडे दोन विशेषांक होते आणि एकात तर चित्रंही होती.

पहिला रंग दिला सिमेंट पेंटाचा. चांगली भिंत ओली करून, सकाळच्या उन्हाआधी, ब्रश आडवा-उभा फिरवून. भिंत अशी पिस्ता झाली की मी रस्त्याच्या पलीकडे नानांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि नुसता बघत राहिलो. नाना म्हणाले, बरं दिसतंय. वत्सला दुपारी बालवाडीतून आली, फाटकात थांबली, भिंत पाहिली आणि हसली. तिला हसताना पाहून मला फार बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं. तो आनंद मला आठवडाभर पुरला असता, पण मे महिना होता. ऊन तापलं तसा तेलकट रंगावरचा सिमेंट पेंट फुगला आणि खवले धरून पडायला लागला, आणि पडला तो बरोबर अक्षरांच्या आणि नक्षीच्या आकारात. बाकी सगळी भिंत पिस्ता आणि मधोमध केळीच्या खांबांसकट नवरानवरीची नावं अशी स्वच्छ, जणू कालच लग्न झालंय. रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी बाईने थांबून आईला विचारलं, वरात कधी येणार.

मग मी कॉस्टिक सोडा आणला, तारेचा ब्रश आणला, काचपेपर आणला. हे काम करताना हातमोजे घालावेत असं विशेषांकात लिहिलं होतं. ते वाक्य पुढच्या पानावर होतं आणि ते पान माझ्या रद्दीत नव्हतं. बोटांची सालं गेली. ऑफिसात मी दोन्ही हातांना फडकी बांधून फाइली ढकलत होतो आणि साहेबांनी, सपकाळे स्वयंपाक करता का घरी, असं चारचौघांत विचारलं. पण भिंत घासली. केळीचे खांब गेले, पिंपळपान गेलं, 'मंगल परिणय' गेलं. आणि पिवळा रंग एकाच हाताचा, त्यामुळे 'आयुष्मती वत्सला' तर पहिल्याच घासण्यात गेली. पाणी मारलं आणि नालीतून पिवळा ओघळ वाहून गेला. लाल मात्र ढिम्म हलला नाही.

मी म्हटलं, हरकत नाही, यावर पांढरा प्रायमर मारू. मारला. सुकला तसा गुलाबी झाला. पुन्हा मारला, पुन्हा गुलाबी. लाल रंगाचं असं असतं म्हणे, तो खालून वर येतो. सगळ्यावर शेवटी पिस्ता दिला, दोन हात, दाट, बहिणीने सांगितल्याप्रमाणे. रविवारी सकाळी उठून बाहेर आलो, तर पिस्त्याच्या मऊ पार्श्वभूमीवर, गुलाबी अक्षरांत, अतिशय देखणेपणाने, 'आयुष्मान प्रल्हाद, बी. ए., बी. एड.' आणि खाली काही नाही.

वत्सला बादली घेऊन सडा टाकायला बाहेर आली. तिने वर पाहिलं. मी घाईघाईने तिला खालून वर येणाऱ्या रंगाबद्दल शास्त्रीय माहिती सांगू लागलो. तिने ती ऐकून घेतली.

"माझंच गेलं ना पण," ती म्हणाली आणि सडा टाकायला लागली.

आता मला खरोखर राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. मी बाजारातून बांबूची मोठी चटई आणली, तिच्यावर सुतळीची फुलं केली, मधे मातीचा मुखवटा लावला आणि ती त्या नावावर टांगली. असं भिंतीवर टांगलेलं मी चित्रात पाहिलेलं आहे आणि ते छानच दिसत होतं. पण बन्सीलाल यांची नोटीस आली की सदर मुखवटा दर्शनी भिंतीच्या रेषेपुढे येत असून ते अतिक्रमण आहे, त्वरित काढावे. मी विचारलं, आणि तुमच्या गॅलरीतला कूलर? ते म्हणाले, कूलर ही गरज आहे. माझी गरज मी त्यांना समजावून सांगू शकलो नाही, कारण आता ती सांगायची म्हणजे पुन्हा मीटिंग. चटई काढली. मेहुणे पुन्हा बाहेर आले.

त्याच आठवड्यात कॉलनीच्या मागच्या गल्लीत एक लग्न होतं. त्या लग्नाला धुळ्याहून प्रल्हादरावांचे चुलते चिंधा आबा आले होते. जाता जाता त्यांनी आमचं घर पाहिलं. म्हणजे त्यांनी काय पाहिलं, तर सगळी भिंत नवी रंगवलेली, जुनं चित्र, नक्षी, सगळं पुसलेलं, आणि मधे एकच नाव, नव्या फॅशनच्या गुलाबी रंगात मुद्दाम लिहून घेतलेलं. त्यातून त्यांनी जो काढायचा तो अर्थ काढला. दोन दिवसांनी ते समाजातल्या आणखी दोन वडीलधाऱ्या माणसांना घेऊन आमच्या बैठकीत येऊन बसले. प्रल्हादराव स्वतः आले नव्हते. तशी त्यांना गरजही नव्हती, ते भिंतीवर होतेच.

आईने पदर सावरला आणि आत शिरा करायला घेतला. तोताराम नाना बोलावल्याशिवाय आले आणि पाहुण्यांच्या ओळीत बसले. बन्सीलालसुद्धा फाटकाशी घुटमळत होते. चिंधा आबांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि भरल्या आवाजात बोलू लागले. "तुम्हीन बठ्ठं पुसं, पन नाव राखं," ते आईला म्हणाले. "तठेच आम्हले पोरगीनं मन समजनं." सगळं पुसून एवढं नाव राखलं, यातच त्यांना पोरीचं मन कळलं होतं. मग त्यांनी मार्ग सांगितला. मार्ग असा की झालं गेलं विसरून वत्सलाने धुळ्याला यावं. ती दुसरी बाई आता समोरच्या खोल्यांत राहते, तिला दोन मुलं आहेत, तिला काही काढता येणार नाही. पण मागची खोली मोकळी आहे, पत्रे नवे टाकले आहेत, मशीन ठेवायलाही जागा आहे. दोघी समजुतीने राहिल्या तर कोणाचं काय बिघडतं.

नानांनी मान हलवली. त्यांना हे पटलं होतं. माणसाने भिंत पुसायची नसते हे आपण सांगितलंच होतं, असं त्यांनी पाहुण्यांच्या कानावर घातलं. आतून तुपाचा वास येत होता. मी काही तरी बोलायला हवं होतं. माझ्या मनात पुष्कळ होतं, पण पहिला शब्द कोणता घ्यावा ते ठरत नव्हतं, आणि तेवढ्यात आई शिऱ्याची ताटली घेऊन दारात आली तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. इतकी आशा मी त्या चेहऱ्यावर यापूर्वी पाहिली नव्हती. मला तिची कीव आली आणि तिचा संतापही आला.

वत्सला आईच्या मागेच उभी होती. तिने आईच्या हातातली ताटली घेतली, आबांसमोर ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

"आबा, नाव भीतवर शे ना?" ती शांतपणे म्हणाली. "मंग भीत लई जा. मनं नाव कोठे शे त्यावर, दखा बरं."

तिचं नाव भिंतीवर कुठे आहे ते दखायला आबा उठले नाहीत. कोणीच उठलं नाही. शिरा तसाच निवला. पाहुणे गेल्यावर नाना मला बाजूला घेऊन म्हणाले की पोरीची जात इतकी कडक असू नये. आई स्वयंपाकघरात जाऊन बसली ती त्या दिवशी बाहेर आली नाही.

दुपारचं ऊन चढलं होतं. बाहेरून ठोकल्याचा आवाज आला म्हणून मी गेलो, तर वत्सला स्टुलावर उभी राहून, छन्नी धरून, कोळसा फोडायच्या हातोड्याने प्रल्हादरावांच्या बी. एड.वर घाव घालत होती. मी तिला म्हणालो की छन्नी अशी सरळ धरत नाहीत, तिरपी धरतात, चित्रात तसं आहे. ती म्हणाली, मग धर. मी धरली. ती हातोडा मारत होती, मी छन्नी धरत होतो, आणि रस्त्यापलीकडे नाना, बन्सीलाल आणि इतर सभासद सावलीला उभे राहून पाहत होते. आम्हाला फक्त नाव काढायचं होतं. पण आमच्या कॉन्ट्रॅक्टरने प्लास्टरमध्ये सिमेंटपेक्षा वाळूवर जास्त विश्वास ठेवला होता. एक घाव बसला आणि खिडकीपासून दारापर्यंतचा सगळा थर आवाज करत खाली आला. धूळ बसली तेव्हा समोर नुसत्या विटा होत्या. वत्सलाच्या केसांत, भुवयांत, सगळीकडे पिस्ता रंग होता. तिथेच स्टुलावर बसून ती रडली, पहिल्यांदा, रस्त्यावरच्या सगळ्यांसमोर. मी तिच्याजवळ छन्नी धरून उभा राहिलो. मला दुसरं काही करता आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्लास्टर पुन्हा करायला त्या वर्षी जमलं नाही. सोसायटीच्या नोटिसा येत राहिल्या, मी त्या फाइलला लावत राहिलो. पावसाळ्यानंतर एकदा आमच्या खात्यातले एक तरुण इंजिनिअर स्कूटरवरून जाताना थांबले, उतरले, मागे-पुढे होऊन घर पाहू लागले आणि म्हणाले, सपकाळे, एक्स्पोज्ड ब्रिक! जळगावात ही दृष्टी कोणाला सुचली? इतकी वर्षं मी ज्या कौतुकाची वाट पाहत होतो ते अखेर आलं. मी सांगितलं, डिझाइन माझंच. वत्सला ओट्यावर मुलांच्या पाट्या पुसत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तोताराम नानांच्या नातीचं लग्न निघालं. नानांची भिंत क्रीम नव्हती, पण कोरी होती. कय्युम शिडी आणि डबे घेऊन आला आणि माझ्याकडे न पाहता कामाला लागला. नाना मात्र माझा सल्ला घ्यायला आले, कारण इंजिनिअरसाहेबांनी केलेलं कौतुक कॉलनीभर झालं होतं. ऑइलपेंटच बरा ना, पक्का राहतो, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाना, गेरूने लिहा. चुना आणि गेरू. पहिल्या पावसाला जाऊ दे. मंगल कार्याच्या तोंडावर असं अभद्र बोलणाऱ्या माणसाला त्यांनी नंतर जेवायलाही मनापासून बोलावलं नाही.

वत्सला बालवाडीतून परत येत होती. ती फाटकात थांबली. समोर नवरदेवाचं नाव लाल रंगात लिहून झालं होतं आणि कय्युम पिवळा डबा हलवत होता.

"नाना," ती म्हणाली, "मंग दोन्ही नावं एकच रंगमा लिखा."

नाना हसले, लहान मुलाच्या बोलण्यावर हसावं तसे. "नवरीले पिवयंच शोभस, बेटा," ते म्हणाले.

कय्युमने पिवळ्यात नातीचं नाव लिहिलं आणि शिडी सरकवून लाल नावावर दुसरा हात मारला. पिवळ्यावर मारला नाही.